मुका मार

१

नऊ वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

वहीतून फाडलेला कागद, उजवीकडे झुकलेलं अक्षर. लिहिणारी माझी विद्यार्थिनी, लिंबागणेशची आरोही. "सर, मला पुढे न्यायवैद्यक घ्यायचं आहे. घरी म्हणतात, पोरीच्या जातीनं मढी चिरायची का? मैत्रिणी हसतात. तुम्ही घे म्हणालात तर घेईन. घेऊ का?"

मृत्यू कशानं झाला हे मृतदेहावरून ओळखायचं शास्त्र मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एकतीस वर्षं शिकवलं. प्राध्यापकपदापर्यंत पोचलो नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं की माझा घसा सुकायचा. वकिलानं जरा आवाज चढवला की "निश्चित सांगता येत नाही" हे वाक्य आपोआप बाहेर पडायचं. विभागाच्या संग्रहालयात बरण्या होत्या, त्यांच्यासमोर मात्र मी मोकळेपणी बोलत असे.

आरोहीच्या पत्राला मी चार उत्तरं लिहिली. दोन 'घे' अशी, दोन 'नको' अशी. आपलं स्वतःचं आयुष्य बरोबर गेलं की चुकलं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं दुसऱ्याला काय सांगायचं? चारही फाडली. तिचं पत्र तेवढं शब्दकोशात ठेवलं.

निवृत्तीनंतर मी वडवणीला येऊन राहिलो. यंदा सीताफळांच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी, दाराशी पोलिसांची जीप थांबली. उतरल्या त्या फौजदार धनश्री मॅडम. तिशीच्या आतल्या, पुण्यात वाढलेल्या, इथं येऊन चार महिने झालेल्या.

"कुलथे सर ना? मांजरसुंब्याला खून झालाय," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "म्हणजे, झालाय की नाही तेच तुम्ही सांगायचंय."

हकिगत अशी. फाट्यावरच्या एका ढाब्याचे मालक बद्रीनाथ, वय चौपन्न, गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास ढाब्यामागच्या बाजेजवळ मरून पडलेले सापडले. शवविच्छेदनात हृदय फाटलेलं निघालं. छातीच्या तीन बरगड्याही मोडलेल्या. दर आठवड्याला तिथं थांबणाऱ्या राजस्थानी ट्रकवाल्यानं फोनवर सांगितलं, की आदल्या रविवारी शेजारच्या पंक्चरवाल्यानं मालकांच्या पाठीत लाथा घातलेल्या त्यानं डोळ्यांनी पाहिल्या. तो पंक्चरवाला, वासिफ, शुक्रवारपासून कोठडीत होता.

"तो काय म्हणतो?"

"कबूल आहे. तीन लाथा मारल्या म्हणतो."

"मग अडलं कुठं?"

"डॉक्टरबाईंपाशी. त्या म्हणतात, हा मृत्यू मारानं नाही. मयताचे मेहुणे विजयसिंह म्हणून आहेत, राजकारणातले. ते म्हणतात, बाई नवीन आहेत, जुन्या जाणत्या माणसाला दाखवा. तुमचं नाव त्यांनीच सुचवलं."

"माझं? मला कसे ओळखतात ते?"

मॅडमनी नजर अंगणातल्या तुळशीकडे वळवली. "ते म्हणाले, कुलथे सर कधी कुणाच्या विरोधात जात नाहीत."

यात खोटं काही नव्हतं, त्यामुळे मला रागही आला नाही. मी चष्मा पुसत बसलो आणि विचारायचं म्हणून विचारलं, "डॉक्टरबाईंचं नाव काय?"

"आरोही गव्हाणे."

२

बीडला तिच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी मनात तीन वेळा क्षमा मागून पाहिली. प्रत्यक्षात तिनं "नमस्कार सर" म्हटलं, मी मान हलवली, आणि आम्ही दोघं टेबलावरच्या, बद्रीनाथांचं हृदय ठेवलेल्या बरणीकडे बघायला लागलो. पत्राचा विषय तिनं काढला नाही. मला सुचेना, म्हणून मी परीक्षकासारखं विचारायला सुरुवात केली.

"बाहेर जखम?"

"नाही सर. कातडी अखंड."

बाहेर खूण नाही आणि आत नासधूस, अशा माराला आमच्याकडे पोलिसांच्या कागदात 'मुका मार' म्हणतात. एकतीस वर्षांत या शब्दाची माझी ओढ कमी झाली नाही. मार मुका असतो, त्याला बोलतं करणं एवढंच आमचं काम.

"हृदयाचं सांग."

"हृदयाभोवतीच्या पिशवीत साडेतीनशे मिली रक्त. बरंचसं गोठलेलं. डाव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीला दीड सेंटिमीटरची चीर."

"कडा?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. फाटलेलं हृदय कडांवरून वाचायचं, हे मी प्रत्येक वर्गाला सांगत असे. निम्मा वर्ग तेव्हा डबा कधी उघडायचा याच्या विचारात असायचा.

"कडा मऊ, पिवळसर. भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या. निरोगी स्नायू मारानं फाटला तर घट्ट असतो, लाल असतो. ही भिंत चारेक दिवस आधीच मेलेली होती, सर. तिला रक्त देणारी धमनी गुठळीनं बंद पडलेली. त्यांना रविवारच्या आसपास हृदयविकाराचा झटका आला, तो त्यांनी अंगावर काढला. गुरुवारी ती मेलेली भिंत फाटली."

मी बरणी उजेडात धरली. तिनं सांगितलं ते सगळं तिथं होतं. शिवाय मी पुढे विचारणार होतो तेही तिनं कागदाच्या चिठ्ठ्या लावून दाखवून ठेवलं होतं.

"आणि बरगड्या?"

"मोडल्यात. पण भोवती रक्ताचा थेंब नाही. हृदय थांबल्यावर मोडल्या."

"कुणी मोडल्या?"

"ते मला माहीत नाही, सर."

हे वाक्य तिनं किती सरळ म्हटलं! मी आयुष्यभर माहीत असलेल्या गोष्टींनाही माहीत नाही म्हणत आलो. ही जे माहीत नाही तेवढ्यालाच माहीत नाही म्हणत होती.

मग तिनं मयताच्या सदऱ्याचा फोटो पुढे केला. छातीच्या मधोमध पांढुरका डाग. एका लहान तळव्याचा, आणि त्याच्यावर दुसऱ्या तळव्याची बोटं.

"सर, खरी अडचण वेगळीच आहे," ती खुर्ची ओढून बसली. "विजयसिंहांचे वकील म्हणतात, लाथा रविवारच्या आणि तुमचा मेलेला स्नायूही रविवारचाच. मग लाथेनंच हृदय ठेचलं आणि चार दिवसांनी फाटलं. अशा केसेस पुस्तकात आहेत."

"आहेत."

"तुमच्याच नोट्समध्ये आहेत."

मी बरणी टेबलावर ठेवली. तीच पुढे म्हणाली, "स्नायू मेलाय तो बरोबर त्या एका धमनीच्या हद्दीत. ठेचलेला भाग असा हद्द पाळत नाही. पाठीचे स्नायूही स्वच्छ आहेत. हे सगळं मी सांगितलं. तर म्हणतात, लाथेच्या हादऱ्यानं धमनीत गुठळी झाली असेल. धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं नाही, म्हणून माझं मत ठाम आहे. पण त्यांना एक शंका पुरते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील, आणि मंगळवारी इथं पोलीस आणि ते वकील बसणार आहेत, त्या बैठकीत मी मारानं असं लिहून द्यावं म्हणून वरून सारखे फोन येतायत."

"म्हणजे प्रश्न एवढाच उरतो," मी म्हणालो. "आधी कळ, की आधी लाथ?"

"हो सर. आणि तेवढंच बरणी सांगत नाही."

३

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं मांजरसुंब्याला उतरलो. ढाबा उघडा होता, गल्ल्यावर विजयसिंह बसले होते. पांढरे कपडे, रडून सुजलेले डोळे. मला पाहून उठले, हात जोडले.

"या सर, या. चहा आणा रे! सर, दाजी म्हंजे दगड हुता दगड. कधी शिंक न्हाई की पडसं न्हाई. असा मानूस आपोआप मरतो व्हय?"

"रविवारी तुम्ही इथं होतात का?"

"मी? न्हाई न्हाई. रविवारी माझी सभा हुती तिकडं पाटोद्याला. हिकडं फिरकलोच न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी फकस्त मुका मार लिव्हा. बहिणीच्या कपाळाचं कुकू गेलंय, त्याला कायतरी न्याव नगं का?"

त्यांचं दुःख खोटं वाटत नव्हतं. मला वाटलं, आपण उगीच आलो.

ढाब्याच्या मागे चुलीपुढे ताराबाई भाकरी थापत होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, तोंडाच्या फटकळ.

"सायेब, पोलीस हाय का तुमी?"

"नाही, मास्तर होतो."

"मग बसा. मास्तरला भाकर लागतीच. पोलिसाला फुकट लागती."

मी विटेवर बसलो. परातीतल्या पिठात त्यांचा तळवा उठत होता, पुसला जात होता, पुन्हा उठत होता. फोटोतल्या डागाएवढाच.

"ताराबाई, मालकांच्या सदऱ्यावर पीठ होतं. ज्वारीचं."

त्यांचा हात थांबला. तव्यावरच्या भाकरीला काळे डाग पडायला लागले, तरी त्यांनी ती उलटली नाही.

"मी मारलं न्हाई मालकाला."

"माहीत आहे. तुम्ही छाती दाबलीत."

त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. "पानी आनाया मागं गेलते. मालक खाली पडलेलं. आवाज न्हाई, श्वास न्हाई. बोंबलले, पर म्होरं गानी लावलेली, कोन ऐकतंय? मग दाबाया लागले. एकावर एक हात ठिवून, असं. कडकड वाजलं सायेब. माझ्या हाताखाली वाजलं. तरी दाबलं. लई दाबलं. न्हाईच उठले."

"मग हे सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? ढाब्यामागं, कोन न्हाई तवा, बाईमानसानं गड्याच्या छातीवर हात ठिवलेते म्हनून? माझी सून हाय घरात. गावाला तोंड कसं दावू?" मग हळूच म्हणाल्या, "माझ्याच्यानं मेलं का हो ते?"

"नाही. ते आधीच गेले होते. आणि बरगड्या मोडतातच, ताराबाई. नीट दाबलं की पुष्कळदा मोडतात. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"लिंबागणेशला शिबिर नव्हतं का झालं? रबराचं बाहुलं आनलतं. त्या आरोही डाक्तरीनबाई. म्हनल्या, बरगडी मोडली तरी थांबू नगा, बरगडी जुळती, मानूस जुळत न्हाई."

मी भाकरीकडे बघत राहिलो. मी न पाठवलेलं उत्तर माझ्यावाचूनच किती लांब जाऊन पोचलं होतं.

"मास्तर, करपली ती भाकर. दुसरी देते." त्या पुन्हा थापायला लागल्या. "त्या रविवारी विजयसिंह पाव्हण्याला अशीच करपकी गेली, तर केवढं बोलले. दोन भाकरी खाऊन गेले तरी बोलले."

"कुठल्या रविवारी?"

"ह्याच की. मालक जायच्या आधीच्या. सकाळच्या पारी."

४

बीडच्या पोलीस ठाण्याच्या फाटकापाशी सीताफळांचा हातगाडा उभा होता. गाड्याजवळ एक म्हातारी बसली होती, पण तिचं लक्ष गिऱ्हाईकांपेक्षा फाटकाकडे. ती वासिफची आई, रहिमाबी. धनश्री मॅडम यायच्या होत्या म्हणून मी गाड्याशी थांबलो. तिनं न विचारता एक सीताफळ फोडून माझ्या हातात दिलं.

"खा साब. आज कोण घेणार हाय? पोरगं आत बसलंय, मला वजनबी दिसंना झालंय."

पहाऱ्यावरचा शिपाई हसला. "आजी, पोरानं लाथा घातल्यात. कबूल केलंय त्यानं."

"माझा वासिफ लाथ मारंल?" म्हातारी उसळली. "अरे, त्याच्या पायाच्या तर लोकं पाया पडतेत! चौसाळ्यावरून येतेत, नेकनूरवरून येतेत!"

"कावून गं?" शिपाई थट्टेनं म्हणाला. "पायात सोनं हाय काय?"

"उलटा पैदा झाला ना तो. डोकं मागून, पाय आधी. सुईण घाबरली, मी घाबरले. पन नबी, त्याचे अब्बा, बोलले, रहिमा, रडू नको, याच्या पायात बरकत हाय."

माझ्या तोंडात सीताफळाची बी होती. ती तशीच राहिली.

शिपायाचं हसूही बंद झालं. तो इथलाच होता. "पायाळू हाय व्हय वासिफ?" तो म्हणाला. "हे कोनी बोललंच न्हाई."

धनश्री मॅडम आल्या तेव्हा मी अजून उभाच होतो. त्यांना मी धीरानं सांगितलं. आमच्याकडे पाठीत किंवा बरगडीत एकदम चमक भरली, श्वास घेता येईना, की लोक म्हणतात उसण भरली. उसणीला डॉक्टर लागत नाही, पायाळू लागतो. जो माणूस जन्मताना पायाकडून आला तो पायाळू. दुखणाऱ्याला उंबऱ्यावर बसवायचं, पायाळूनं त्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचा, आणि उसण उतरते अशी श्रद्धा. माझ्या आईनंही लहानपणी मला एका पायाळू गुरवाकडे नेलं होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. "तो पहिल्यांदा म्हणाला होता, पाय लावला. मी विचारलं, लावला म्हणजे मारलाच ना? तो हो म्हणाला. मी लिहिलं, तीन लाथा मारल्याचे कबूल."

वासिफला बाहेरच्या खोलीत आणलं. चोविशीचा, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेलं, नजर स्वतःच्या पायांवर.

"वासिफ, तू नुसता पाय लावलास ना? मग हो का म्हणालास?"

"कारण मालक गेले ना, साब." त्याचा आवाज अगदी बारीक होता. "पायात गुण हाय तर अवगुणबी असंलच. मी जरा जोरात लावला असंल. चार दिवस हेच आठवतोय. आमी तर मालकाच्या हातचं खाऊन मोठे झालो."

"तुला त्या दिवशी बोलावलं कुणी?"

त्यानं पाय खुर्चीखाली ओढले.

"मालकांनी?"

मान नकारार्थी हलली.

"मग?"

"नाव घेऊ नको म्हणून सांगितलंय त्यांनी. माझं दुकान त्यांच्याच जागेत हाय, साब. अम्मी कुठं जाईल?"

मला ताराबाईंच्या दोन भाकऱ्या आठवल्या.

५

मंगळवारी आरोहीच्या खोलीत आम्ही पाचजण होतो: विजयसिंह, त्यांचे वकील, धनश्री मॅडम, आरोही आणि मी. ताराबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. गावाचं काय व्हायचं ते होवो, आरोही मॅडमसाठी येते म्हणाल्या होत्या. मी दोन पेले पाणी प्यायलो तरी घसा कोरडाच होता.

वकील सुरुवातीलाच म्हणाले, "पाठीवर मार, छातीच्या बरगड्या मोडलेल्या, आणि आत हृदय फाटलेलं. आणखी काय हवं?"

आरोहीनं बरगड्यांचं सांगितलं. ताराबाईंचे हात, सदऱ्यावरचं पीठ. वकील हुशार होते. लगेच म्हणाले, "मग त्या बाईच्या दाबण्यानंच हृदय फाटलं नसेल कशावरून?"

"पिशवीत साडेतीनशे मिली रक्त होतं," आरोही म्हणाली. "एवढं रक्त बाहेर ढकलायला चालतं हृदय लागतं. बरगड्यांभोवती मात्र थेंबही नाही. म्हणजे आधी हृदय फाटलं, मग ते थांबलं, आणि मग ताराबाईंचे हात पोचले. क्रम उलटा होऊच शकत नाही."

तिचा आवाज चढला नाही, की कापला नाही. मला माझे सगळे पिंजरे आठवले. या मुलीला मी शिकवलं होतं, निदान थोडंसं.

"ठीक," वकील म्हणाले. "पण झटका लाथेनं आला. आधी लाथ, मग झटका. याला तुमच्याकडे उत्तर नाही."

आरोहीनं माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण पिंजऱ्याची सवय.

"विजयसिंहराव," मी म्हणालो, "तुमच्या घरात कुणाला उसण भरली, तर तुम्ही काय करता?"

"काय करायचं? पायाळू बोलावतो आन्..."

तोंडातून निघालं आणि त्यांना कळलं.

"मॅडम," मी फौजदारांकडे वळलो, "दुखत नसताना कुणी पायाळूला बोलावतं का? बद्रीनाथांना आधी कळ आली. पाठीत, छातीत. ती उसण वाटली, म्हणून वासिफला आणलं. त्याचा पाय पाठीला लागला, तेव्हा झटका येऊन गेला होता. तुम्ही ज्याला खुनाचा पुरावा समजलात, तोच पाय सांगतो की आजार आधीचा. आधी कळ, मग पाय."

"ही तुमची कल्पना," वकील म्हणाले. "त्याला बोलावलं कुणी? साक्ष कुठंय?"

"बाहेर ताराबाई बसल्यात. त्या रविवारी सकाळी एका पाहुण्यानं त्यांच्या दोन भाकरी खाल्ल्या. एक करपली होती, म्हणून त्यांच्या लक्षात आहे."

वकील विजयसिंहांकडे बघत राहिले. विजयसिंहांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मीच," ते म्हणाले. "मीच बोलावलं. दाजी म्हनत हुता, विजय, डाव्या हातात कळ चाललीय, मला बीडला घिऊन चल. माझी सभा हुती दुपारी. गाडी एकच, ती मला पायजे हुती. मी म्हनलो, अरं उसण हाय, पायाळू शेजारीच बसलाय, उगं डाक्टर कशाला? वासिफला हाक मी मारली. दाजीला बरं वाटलं म्हनला. मला गाडी मिळावी म्हनून म्हनला असंल." त्यांनी तोंड टोपीत लपवलं. "बहिणीला काय सांगू? तिला सांगाया कुनीतरी पायजे हुतं ना मारनारं."

मग त्यांनी मान वर केली. "लिव्हा. मीच मारलं म्हनून लिव्हा."

"नाही," आरोही म्हणाली. तिनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "मी 'नैसर्गिक मृत्यू' लिहिलंय. ते कुणाच्याच नावावर जात नाही. पण ताईंना खरं तुम्ही सांगा. आज सांगा. आणि वासिफचं दुकान तिथंच राहू द्या."

धनश्री मॅडमनी माझ्यापुढे कागद ठेवला, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत म्हणून. मी लिहिलं: 'हृदयविकारामुळे मृत झालेली भिंत फाटून मृत्यू. माराचा संबंध नाही. डॉ. आरोही गव्हाणे यांचे मत पूर्णपणे बरोबर आहे. हे मी निश्चित सांगतो.' आणि 'निश्चित' या शब्दाखाली रेघ ओढली. ती थोडी वाकडी आली.

बुधवारी वासिफला सोडलं. फाटकाबाहेर रहिमाबीनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. तो माझ्यासमोर आला, पण पुढे पाऊल टाकायला बिचकत होता.

"साब, खरं सांगा. माझ्या पायानं काईच झालं नाही?"

"काहीच नाही. वाईट नाही, आणि राग येऊ देऊ नको, पण चांगलंही नाही. पुढच्या वेळी कुणी डाव्या हातात कळ येते म्हणाला, तर पाय लावू नको. त्याच पायानं गाडीला किक मार आणि त्याला दवाखान्यात घेऊन ये."

तो पहिल्यांदा हसला. "बुलेट हाय साब आपल्याकडं. रिपेरिंगला आलेली."

६

निघताना आरोही मला स्टँडवर सोडायला आली. बस लागायची होती. खूप वेळ आम्ही वेळापत्रकाची पाटी वाचली.

"सर," ती म्हणाली, "तेव्हा मी दोन महिने पोस्टमनची वाट पाहिली होती."

मी पाटीवरचं तेच नाव पुन्हा वाचलं.

"मग वाटलं, सर नको म्हणत असते तर लगेच लिहिलं असतं. तुम्ही वर्गात चूक कधी सोडत नव्हता. म्हणून घेतलं."

बस आली. मी खिडकीतून हात करायचाही विसरलो.

घरी येऊन शब्दकोश उघडला. कागद पिवळा पडला होता, अक्षर तसंच होतं. या वेळी मी एकच उत्तर लिहिलं.

'चि. आरोही, तुझं पत्र मिळालं. उत्तराला नऊ वर्षं उशीर झाला, तो माझा दोष. तू विचारलंस, घेऊ का. घे. तू हा विषय घेतलास म्हणून एक मुलगा घरी आला, एका बाईची मान ताठ झाली, आणि एका म्हाताऱ्या मास्तराला आपण काय शिकवत होतो ते कळलं. तुझा अभिमान वाटतो. हे निश्चित. — तुझे कुलथे सर.'

पाकिटावर तिनं तेव्हा लिहिलेलाच पत्ता घातला. मु. पो. लिंबागणेश. वडवणीच्या पोस्टातल्या बाईंनी तो वाचला. "अहो सर, डाक्तरीनबाई तर आता बीडला असतेत. फोन लावा की, दोन मिन्टाचं काम."

"पत्राचं उत्तर आहे," मी म्हणालो. "तिनं जिथून विचारलं, तिथंच जाऊ दे."

तिकीट लावलं. लाल पेटीत पाकीट टाकलं. मग सवयीनं शंका आली, म्हणून पेटीच्या तोंडात बोटं घालून चाचपून पाहिलं.

पडलं होतं.